चित्रपट-अभ्यासाचे घर : विद्याशाखांच्या सीमेवरील एका विषयाचा इतिहास

१

एखादा विषय विद्यापीठाच्या कोणत्या विभागात शिकवला जावा, हा प्रश्न वरकरणी प्रशासनाचा वाटतो. पदे, अनुदान, खोल्या आणि वेळापत्रक यांच्यापलीकडे त्यात काही असेल असे सहसा मानले जात नाही. परंतु ज्ञानशाखांचा इतिहास पाहिला की लक्षात येते, ते असे : विषयाला मिळालेले घर हळूहळू त्या विषयाचे स्वरूपच घडवू लागते. काय पाहायचे, कोणती साधने वापरायची आणि काय गौण मानायचे, हे विभागाच्या परंपरेने आधीच ठरवून ठेवलेले असते.

मराठीतील नाट्याभ्यासाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. नाटक दीर्घकाळ मराठीच्या अभ्यासक्रमात एक वाङ्मयप्रकार म्हणून शिकवले गेले. त्यामुळे नाटक म्हणजे छापील संहिता, हे समीकरण दृढ झाले. कथानक, स्वभावरेखन, संवाद यांची चर्चा भरपूर झाली. गायकी, नेपथ्य, प्रकाश, प्रेक्षागृहाची रचना आणि नाटक मंडळ्यांचे अर्थकारण यांचा विचार मात्र रंगभूमीच्या इतिहासकारांकडे किंवा आठवणीवजा लेखनाकडे सोपवला गेला. नाटकाला घर मिळाले, पण त्या घरात त्याचा अर्धा देहच मावला. तरीही ते घर होते, आणि पुढे त्याच्या शेजारी नाट्यशास्त्राचे स्वतंत्र विभागही उभे राहिले.

चित्रपटाच्या वाट्याला मराठीत असे अर्धे घरही नीट आले नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र, साहित्य, ललितकला, संज्ञापन, तंत्रशिक्षण अशा अनेक दारांतून जगभरच्या विद्यापीठांत चित्रपट-अभ्यास शिरला. प्रत्येक दाराने त्याला एक दृष्टी दिली आणि एक आंधळेपणही दिले. या प्रवासाचा इतिहास पाहिल्याशिवाय आपल्याकडील प्रश्नाची मांडणी नीट होणार नाही.

२

चित्रपटाविषयीचा विद्यापीठीय विचार चित्रपटाचे विभाग निघण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला. १९१६ साली हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी ‘द फोटोप्ले’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रपटातील समीपदृश्य म्हणजे अवधानाच्या क्रियेला आलेले दृश्यरूप, आणि गतकाळात नेणारे दृश्य म्हणजे स्मृतीच्या क्रियेचे दृश्यरूप, अशी त्यांची उपपत्ती होती. चित्रपट मनाच्या व्यापारांप्रमाणे चालतो, म्हणून ती स्वतंत्र कला ठरते, असा युक्तिवाद मानसशास्त्राच्या घरातूनच होऊ शकत होता. पुढे त्याच मानसशास्त्राने, समाजशास्त्राच्या जोडीने, अगदी वेगळा प्रश्न विचारला. १९३३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पेन फंडाच्या अभ्यासमालेत मुलांच्या झोपेवर, वर्तनावर आणि नीतिकल्पनांवर चित्रपटांचा काय परिणाम होतो याची पाहणी होती. येथे चित्रपट ही कलाकृती उरली नाही. तो परिणाम घडवणारा घटक झाला. एकाच विद्याशाखेच्या परिसरात दोन पिढ्यांत विषयाचे असे रूपांतर झाले.

दुसरे दार व्यवसायशिक्षणाचे. १९१९ साली मॉस्को येथे राज्यसंस्थेने चित्रपटशाळा काढली. १९२९ साली लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉलिवूडच्या अकादमीच्या सहकार्याने चित्रपटाचा अभ्यासक्रम सुरू झाला. या शाळांमध्ये चित्रपट कसा करतात हा प्रश्न आधी आला आणि चित्रपट म्हणजे काय हा प्रश्न त्याच्या मागून चालला. कारागिरीच्या जवळ असलेली ही परंपरा यंत्राला आणि साधनद्रव्याला कधीच विसरली नाही, ही तिची मोठी जमेची बाजू होय.

फ्रान्समध्ये झालेला प्रयोग अल्पायुषी ठरला, तरी सिद्धान्ताच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. जिल्बेर कोएँ-सेआ यांच्या १९४६ मधील ग्रंथानंतर १९४८ साली सॉर्बोनमध्ये ‘फिल्मोलॉजी’ची संस्था स्थापन झाली. तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ तेथे एकत्र आले. पडद्यावरची कृती हे एक तथ्य, आणि तिच्याभोवतीचा उद्योग, तंत्र, प्रेक्षक व कायदा हे दुसरे तथ्य, असा भेद कोएँ-सेआ यांनी केला. याच वर्तुळात सौंदर्यशास्त्रज्ञ एतिएन सूरिओ यांनी ‘डायजेसिस’ ही संज्ञा कथेतील विश्वाचा निर्देश करण्यासाठी वापरात आणली. पुढे जेरार जेनेत यांनी ती कथनमीमांसेत घेतली, आणि आज मराठीत कादंबरीची चर्चा करणारा अभ्यासकही ती सहज वापरतो. साहित्यसमीक्षेने चित्रपटाला संकल्पना पुरवल्या, ही समजूत एकतर्फी आहे. निदान एक महत्त्वाची संकल्पना उलट दिशेने आली आहे.

तथापि १९६० नंतर इंग्रजी भाषक जगात चित्रपट-अभ्यासाला सर्वाधिक आश्रय दिला तो साहित्यविभागांनी. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७३ पासून विद्यापीठांतील चित्रपटविषयक अध्यापकपदांसाठी अर्थसाहाय्य देण्यास प्रारंभ केला. वॉरिक विद्यापीठातील अशा पदावर रॉबिन वुड यांची नेमणूक झाली. वुड हे केंब्रिजचे इंग्रजीचे विद्यार्थी, एफ. आर. लीव्हिस यांच्या अध्यापनाचे संस्कार त्यांच्यावर होते. १९६५ मधील हिचकॉकवरील त्यांच्या पुस्तकात जी गंभीर, नैतिक आणि बारकाईची वाचनपद्धती दिसते, ती साहित्यसमीक्षेतूनच आलेली आहे. त्याच दशकात ‘स्क्रीन’ या नियतकालिकाने क्रिस्तियाँ मेत्झ यांची चिन्हमीमांसा, लाकाँप्रणीत मनोविश्लेषण आणि आल्थ्यूसरची विचारप्रणालीविषयक मांडणी इंग्रजीत आणली. १९७५ साली लॉरा मल्वी यांचा ‘पाहण्या’च्या स्त्रीवादी चिकित्सेचा प्रसिद्ध निबंध तेथेच आला.

साहित्यविभागांनीच हे का केले, याची कारणे तात्त्विक होती तितकीच व्यावहारिकही होती. त्यांच्याजवळ एक तयार वाचनपद्धती होती, विद्यार्थी होते, आणि अभ्यासक्रमात एखादी पत्रिका वाढवण्याची लवचीकता होती. सोळा मिलिमीटरची भाड्याने मिळणारी प्रत आणि एक प्रक्षेपक एवढ्यावर वर्ग सुरू होऊ शकत होता. पण कवितेची ओळ जशी लेखात उद्धृत करता येते, तशी चित्रपटातील चौकट करता येत नाही. रेमों बेलूर यांनी १९७५ मध्ये नेमक्या याच अडचणीवर बोट ठेवले : चित्रपटाची संहिता लेखनाच्या हाती कधीच पूर्णपणे लागत नाही, गती आणि ध्वनी निसटून जातात. पुढे व्हिडिओ कॅसेटमुळे कृती थांबवून पुन्हा पाहता येऊ लागली, पण थांबवलेली चौकट म्हणजे चित्रपट नव्हे, ही मूळ अडचण राहिलीच.

साहित्याच्या घरात राहिल्याने चित्रपट-अभ्यासाला अर्थनिर्णयनाची सवय लागली. त्याविरुद्धची प्रतिक्रिया वेगळ्या घरातून आली. विस्कॉन्सिन विद्यापीठात चित्रपट हा संज्ञापनकलांच्या विभागाचा भाग होता. तेथील डेव्हिड बॉर्डवेल यांनी १९८९ मधील ‘मेकिंग मीनिंग’ या ग्रंथात चित्रपटसमीक्षेतील अर्थनिर्णयन ही एक ठरीव कार्यपद्धती झाल्याचे दाखवले आणि शैली, निर्मितिपद्धती व इतिहास यांकडे लक्ष वेधले. अमेरिकेतील या क्षेत्राच्या अभ्यासकांची संघटना १९५९ साली स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात ‘सिनेमॅटॉलॉजिस्ट’ हा शास्त्रीय डौलाचा शब्द होता. २००२ साली तिच्या नावात ‘मीडिया’ हा शब्द दाखल झाला. नावांतील हा बदल म्हणजे घर बदलल्याची नोंदच होय.

३

भारतात हा प्रश्न मुळातच वेगळ्या रीतीने उपस्थित झाला. येथे चित्रपट विद्यापीठाच्या दारात येण्यापूर्वी शासनाच्या दारात गेला होता. दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील १९२७-२८ ची सिनेमॅटोग्राफ समिती प्रामुख्याने नियंत्रण, साम्राज्यातील चित्रपटांचा प्रसार आणि उद्योगाची स्थिती यांच्या चौकशीसाठी नेमली गेली होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म एन्क्वायरी कमिटी नेमली गेली. १९५१ च्या आपल्या अहवालात तिने वित्तपुरवठ्याची व्यवस्था आणि प्रशिक्षणसंस्था यांची शिफारस केली. त्यातून १९६० साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्यात आलेली प्रभात फिल्म कंपनी तोवर बंद पडली होती. तिच्याच आवारात ही संस्था उभी राहिली. शेजारी १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली.

या दोन्ही संस्था माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या अखत्यारीत होत्या. विद्यापीठे शिक्षण मंत्रालय व विद्यापीठ अनुदान आयोग यांच्याशी बांधलेली. ही गोष्ट कारकुनी स्वरूपाची वाटते, पण भारतातील चित्रपट-अभ्यासाच्या इतिहासातील ती एक निर्णायक घटना मानावी लागेल. संस्थेत पदविका दिली जाई, पीएच.डी. करणारा विद्यार्थी तेथे नव्हता. विद्यापीठात पीएच.डी. होती, तेथे चित्रपटाच्या प्रती नव्हत्या. कृती एका मंत्रालयाच्या ताब्यात आणि ज्ञान दुसऱ्या, अशी ही वाटणी होती.

तरीही पुण्यात एक महत्त्वाचा प्रयत्न झाला. आग्रा येथे अर्थशास्त्राचे अध्यापन करणारे आणि तेथील फिल्म सोसायटीच्या कामात रमलेले सतीश बहादूर १९६३ साली रसास्वादाचे प्राध्यापक म्हणून संस्थेत आले. ‘पथेर पांचाली’च्या दृश्यखंडांचे चित्रचौकटीपर्यंत जाणारे विश्लेषण करून त्यांनी चित्रपटाच्या संरचनेचे जे वाचन उभे केले, ते संरचनावादाची भाषा न वापरताही संरचनेचे वाचन होते. संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी प्रती मिळवल्या, जपल्या आणि दाखवल्या. या दोघांच्या कामातून पुढे आलेल्या रसास्वाद वर्गांनी देशभरचे अध्यापक, पत्रकार आणि फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते घडवले. येथे ‘रसास्वाद’ हा शब्दच लक्षात घेण्याजोगा आहे. तो मराठी साहित्यविचारातून आला आणि मराठी भाषकांनी तो चित्रपटासाठी सहजपणे स्वीकारला. चित्रपटाकडे कलाकृती म्हणून पाहण्याची परवानगी त्या शब्दाने दिली. त्याची मर्यादाही त्यातच होती : आस्वादाच्या भाषेत उद्योग, वितरण, सेन्सॉर आणि प्रेक्षकसमूह यांना जागा नव्हती.

४

भारतीय विद्यापीठांत चित्रपट शिरला तो १९८० नंतर, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दाराने. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये १९८२ साली जनसंज्ञापनाचे केंद्र निघाले; तेथे चित्रपट हा दूरचित्रवाणी व पत्रकारितेचा सोबती झाला. १९९३ साली कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात चित्रपट-अभ्यासाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. हा विभाग कलाशाखेत निघाला, हे अर्थपूर्ण आहे. याच विद्यापीठात १९५६ साली बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने तौलनिक साहित्याचा विभाग सुरू झाला होता. भाषांच्या सीमा ओलांडून कृतीचा विचार करण्याची सवय तेथे आधीपासून होती. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २००१ मध्ये निघालेल्या कला व सौंदर्यशास्त्र विद्यालयाने चित्रपटाला दृश्यकला आणि रंगमंचीय कलांच्या पंक्तीला बसवले.

याच सुमारास भारतीय चित्रपटविचाराची संदर्भसाधनेही तयार होत होती. आशीष राजाध्यक्ष आणि पॉल विलमेन यांचा ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ इंडियन सिनेमा’ १९९४ मध्ये आला. माधव प्रसाद यांचा हिंदी चित्रपटाच्या विचारप्रणालीवरील ग्रंथ १९९८ चा. या लेखनाने भारतीय चित्रपटाचा विचार राज्यसंस्था, भांडवल आणि आधुनिकता यांच्या चौकटीत नेला. त्याचे मोल वादातीत आहे. मात्र हे सारे प्रामुख्याने इंग्रजीत घडले, आणि ‘भारतीय’ चित्रपट या संज्ञेच्या केंद्रस्थानी बहुधा हिंदी चित्रपट राहिला. प्रादेशिक भाषांतील चित्रपट उदाहरणांच्या रूपाने आले. त्या भाषांतील विचार मात्र फारसा आला नाही.

५

मराठी विभागांनी चित्रपटाला जागा दिली ती बहुतांशी ‘माध्यमांतर’ या एका खिडकीतून. साहित्यकृती आणि तिच्यावर आधारित चित्रपट यांची तुलना, हा त्यातला नेहमीचा आकृतिबंध. त्यामागील भूमिका अशी की, मूळ कृती साहित्याची. चित्रपट हे तिचे दुसरे रूप. ‘श्यामची आई’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’, ‘बनगरवाडी’ यांच्याविषयी या रीतीने पुष्कळ बोलता येते. पण विजय तेंडुलकरांनी पटकथा म्हणूनच लिहिलेल्या ‘सामना’ (१९७५) चे काय करायचे, हे ही पद्धती सांगू शकत नाही. मूळ पुस्तक नसल्यामुळे तो चित्रपट मराठीच्या अभ्यासक्रमाला जणू दिसतच नाही. मराठीतील एका मोठ्या लेखकाच्या लेखनाचा एक संपूर्ण भाग त्यामुळे वाङ्मयेतिहासाच्या कडेला राहतो.

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) घ्यावा. चित्रपट हिंदी, कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, चित्रपटाच्या अर्थकेंद्रात असलेली कविता दिलीप चित्रे यांची. हिंदी विभाग तो चित्रपट म्हणून आपला मानत नाही, मराठी विभाग तो भाषेमुळे परका मानतो, आणि संज्ञापन विभागाला पानवलकरांच्या कथेशी कर्तव्य नसते.

याहून अधिक शिकवणारी उदाहरणे प्रभातच्या द्वैभाषिक चित्रपटांची आहेत. ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी, तिच्यावरचा ‘कुंकू’ (१९३७) आणि त्याचीच हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’. तीन शीर्षके तीन ठिकाणी बोट ठेवतात. कादंबरीचे शीर्षक वाचकाच्या संमती-असंमतीला साद घालते. मराठी चित्रपट एका सौभाग्यचिन्हाचे नाव घेतो. हिंदी आवृत्ती समाजाला समोर उभे करते. माध्यमांतराची नेहमीची तुलना कादंबरी आणि ‘कुंकू’ यांच्यातच संपते. पण या चित्रपटात पार्श्वसंगीत टाळले आहे आणि वृद्ध नवऱ्याच्या घरातील भिंतीवरच्या घड्याळाला जवळजवळ पात्राचे स्थान दिले आहे. कादंबरीच्या बाजूने पाहताना या गोष्टी ‘भर’ ठरतात. चित्रपटाच्या बाजूने पाहताना त्याच अर्थाचा पाया ठरतात.

‘शेजारी’ (१९४१) आणि ‘पडोसी’ यांचे उदाहरण तर दोन्ही भाषांची एकत्र मागणी करते. हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांच्या या कथेत मिर्झाची भूमिका दोन्ही आवृत्त्यांत गजानन जागीरदारांनी केली. हिंदू मित्राची भूमिका मराठीत केशवराव दाते यांची, तर हिंदीत मझहर खान यांची. म्हणजे हिंदू नटाने मुसलमान आणि मुसलमान नटाने हिंदू साकारण्याची जी अदलाबदल या चित्रपटाचे वैशिष्ट्य म्हणून सांगितली जाते, ती हिंदी आवृत्तीतच पूर्ण होते. केवळ ‘शेजारी’ पाहणाऱ्याला ती दिसणार नाही; केवळ ‘पडोसी’ पाहणाऱ्याला ती योजना दोन्ही ठिकाणी असावी असे वाटेल. कोणती आवृत्ती ‘मूळ’ हा प्रश्न येथे निरर्थक होतो. दोन्ही मिळून एक कृती, असे मानूनच विचार करावा लागतो.

‘संत तुकाराम’ (१९३६) हा दामले-फत्तेलाल यांचा चित्रपट या चर्चेत कळीचा आहे. १९८० च्या दशकात त्याचे जे अत्यंत मार्मिक विवेचन झाले, ते गीता कपूर यांचे. त्या चित्रकलेच्या समीक्षक. मूर्तिरूप, भक्ताची नजर आणि प्रेक्षकाशी थेट संबंध जोडणारी समोरासमोरची रचना यांविषयी त्यांना जे दिसले, ते साहित्याच्या अभ्यासकाला सहसा दिसले नसते. पण याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग इतका अस्सल उतरला की, अनेकांनी तो तुकोबांचाच मानला. गाथेत तो नाही हे ओळखणे, तो तुकोबांचा का वाटतो याची छंद, शब्दकळा आणि संप्रदायाच्या अंगाने मीमांसा करणे, आणि विसाव्या शतकातील एका गीतकाराने सतराव्या शतकातील कवीच्या प्रतिमेत केलेली भर समजून घेणे, हे काम मराठीच्या अभ्यासकाचे आहे. चित्रसमीक्षकाने एक अर्धे पाहिले. दुसरे अर्धे अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

६

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आणि चित्रपट संग्रहालय आहे. त्याच रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. १९१९ ते १९६६ या काळात तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. भिन्न प्रांतांतील, भिन्न लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहणे, त्यांची कुळे लावणे, प्रक्षेप ओळखणे, हे विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिलेले शास्त्र जगन्मान्य झाले. चित्रपटाच्या प्रतीही अशाच असतात. काटछाट केलेल्या, जोडलेल्या, सेन्सॉरने कापलेल्या, वितरकाने लांबी कमी केलेल्या, दोन भाषांत विभागलेल्या. ‘राजा हरिश्चंद्र’चा उपलब्ध भाग १९१३ च्या मूळ कृतीचा की १९१७ मध्ये फाळके यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि हा वाद स्वरूपाने पाठचिकित्सेचाच वाद आहे. पाठचिकित्सेची एवढी मोठी परंपरा आणि चित्रपटप्रतींचा एवढा मोठा साठा एकाच रस्त्यावर असूनही त्यांची विद्यापीठीय पातळीवर गाठ पडली नाही. कारण त्यांना जोडणारा विभागच नव्हता.

ही गाठ न पडल्याची किंमत आता मोजावी लागत आहे. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी फारच थोडे, आणि तेही बहुधा खंडित रूपात, उरले आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मौल्यवान साठा जळाला. जेथे कृतीच नाहीशी झाली आहे, तेथे इतिहास उभा राहणार तो कागदावरून. हा कागद मोठ्या प्रमाणात मराठीत आहे : १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’मध्ये आलेली फाळके यांची लेखमाला, गाण्यांच्या पुस्तिका, वृत्तपत्रांतील जाहिराती व परीक्षणे, कंपन्यांचा पत्रव्यवहार, नटनट्यांची आत्मचरित्रे. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ मराठी विभागांत स्त्रीचे आत्मकथन म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु स्टुडिओतील करार, वेतन आणि स्त्री-कलावंताचे श्रम यांविषयीचा दस्तऐवज म्हणून ते वाचण्याची पद्धत अद्याप रूढ झालेली नाही. इंग्रजीतून चालणारा चित्रपटविभाग हा कागद वाचू शकत नाही. मराठी विभाग तो वाचू शकतो, पण त्याला तो आपला विषय वाटत नाही.

मराठीत चित्रपटविचार झालाच नाही असे नव्हे. तो विद्यापीठाबाहेर झाला. इसाक मुजावर यांनी इतिहासाची सामग्री जमवली, बापू वाटवे यांनी प्रभातची कहाणी लिहिली, १९६८ साली मुंबईत निघालेल्या प्रभात चित्र मंडळाने प्रेक्षक घडवला आणि ‘रूपवाणी’सारखे नियतकालिक चालवले. अरुण खोपकर यांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ या १९८५ मधील ग्रंथाने चित्रपटाच्या बारकाईच्या विश्लेषणाला मराठीत भाषा दिली. त्यांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहित्याच्या संस्थेने या लेखनाला आपले म्हटले. साहित्याच्या विभागांनी मात्र त्याला पाठ्यपुस्तकाच्या पंक्तीला बसवण्यात फारसा उत्साह दाखवला नाही.

मग चित्रपट-अभ्यासाचे घर कोणते? साहित्यविभागात त्याला विलीन करावे, असे म्हणणे म्हणजे नाटकाच्या बाबतीत झालेली चूक पुन्हा करणे होय. चौकट, संकलन, ध्वनी आणि उद्योग यांना तेथे दुय्यम स्थान मिळेल. संज्ञापनविभागात तो ठेवल्यास चित्रपटाचा इतिहास ‘माध्यमां’च्या सद्यःस्थितीत बुडून जातो. प्रशिक्षणसंस्थेत कारागिरीचे ज्ञान जिवंत राहते, पण संशोधनाला अवसर कमी. यावरून निष्कर्ष असा निघतो की, चित्रपट-अभ्यासाला कलाशाखेत स्वतंत्र विभाग हवा, तो संग्रहालयाशी औपचारिकपणे जोडलेला हवा, आणि त्याच्या संशोधकाला प्रदेशभाषेतील साधने वाचता येणे ही प्रवेशाची अट हवी. स्वतंत्र विभागाची मागणी भाषाविभागांना या जबाबदारीतून मोकळे करीत नाही. साधनांची सूची, द्वैभाषिक आवृत्त्यांची तुलना, पटकथांचे चिकित्सक संपादन आणि परिभाषेची घडण ही चार कामे मराठी विभागांखेरीज कोणी करू शकणार नाही.

यावर असा आक्षेप येऊ शकतो की, भाषेवर एवढा भर देणे म्हणजे मागच्या दाराने चित्रपटाला पुन्हा साहित्याच्या स्वाधीन करणे होय. हा आक्षेप दृश्यविश्लेषणाच्या बाबतीत खरा आहे. ऐतिहासिक संशोधनाच्या बाबतीत नाही. नजर भाषेवाचून चालू शकते, पण पुरावा भाषेवाचून वाचता येत नाही.

अलीकडच्या घडामोडींनी हा प्रश्न पुन्हा खुला केला आहे. २०२२ साली चित्रपट संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या व्यवस्थेखाली आले, आणि २०२५ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर साडेसहा दशके राहिलेली संस्था आता स्वतःच विद्यापीठ झाली आहे. पदविकेच्या जागी पदवी येणे हा या बदलाचा लहानसा भाग. विद्यापीठ म्हटले की संशोधन आले, आणि संशोधन म्हटले की कोणत्या साधनांवर, कोणत्या भाषेत, हा प्रश्न आला. प्रभातच्या आवारात लिहिल्या जाणाऱ्या पहिल्या प्रबंधांपैकी निदान एखादा ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ यांच्या प्रती शेजारी ठेवून, त्या काळची मराठी नियतकालिके हाताशी घेऊन लिहिला गेला, तर काही किलोमीटरांवरच्या गणेशखिंडीतील मराठी विभागालाही आपल्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करावा लागेल.